कधी बंद पडते का?

ज्या माणसाचं निम्मं आयुष्य लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, त्याच्याच मुलीने लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही म्हणून हटून बसावं, यापेक्षा मोठी फजिती कोणती? पण झालं होतं तसं खरं. लिफ्टवाल्याची खारू आठ वर्षांची. घर सहाव्या मजल्यावर, पायऱ्या एकशे दोन, आणि गेले चार महिने ही पोरगी पाठीला दप्तर लावून रोज त्या चढत-उतरत होती. जिना खारीसारखी तुरुतुरु चढते म्हणून तिचं नाव खारू पडलं, असं शेजारी समजायचे. नाव त्याच्या आधीचं होतं, पण कुणाकुणाला समजावत बसणार.

घडलं ते असं. त्या दिवशी खारूच्या शाळेत नाटक होतं आणि ती ढग झाली होती. लिफ्टवाल्याकडे त्या दुपारी स्वतःच्याच इमारतीतल्या लिफ्टची तपासणी होती. दाराच्या कडेला पितळेची दोन छोटी पानं असतात, दार नीट लागलं की ती एकमेकांना चिकटतात आणि मगच लिफ्ट हलते. ती पानं पुसायची, घासायची, दहा मिनिटांचं काम. पण नाटकाला उशीर होत होता. लिफ्टवाल्याने मनाशी म्हटलं, उद्या करू, आणि कागदावर 'बघितलं' या रकान्यात बरोबरची खूण करून तो शाळेकडे पळाला. संध्याकाळी परत आल्यावर खारू ढगाच्या पोशाखातच पुढे धावली, एकटीच लिफ्टमध्ये शिरली, आणि तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध अडकली. चाळीस मिनिटं. बाहेर काढलं ते बापानेच. पोशाखाचा निम्मा कापूस खाली लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. आईने तिला कवटाळलं, आणि खारूने विचारलं, "बाबा, काय झालं होतं?"

"वीज गेली होती," लिफ्टवाला म्हणाला.

झालं. शब्द तोंडातून गेला तो गेला. तेव्हापासून हा माणूस घरात मूग गिळून बसायचा, आणि कुणी लिफ्टचा विषय काढला की चहा करायला उठायचा. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती दाताच्या दवाखान्यात काम करायची, दिवसभर भेदरलेली मुलं खुर्चीत बसवायची, आणि तिचा एक ठाम नियम होता. मुलाला 'काही होणार नाही' असं कधी सांगायचं नाही, काय होणार तेच सांगायचं. नवऱ्याला तिने हे दोनदा सुनावलं होतं. तिसऱ्यांदा सुनावलं नाही, कारण तिच्या मते तिसऱ्यांदा सांगितलेलं कुठलाच नवरा ऐकत नाही.

तर अशा या घरात एके दिवशी खारूने शाळेतून येऊन जाहीर केलं की तिला स्की शिकायचंय. वर्गातली सगळी मुलं जाऊन आली, आता फक्त ती आणि एक पाय मोडलेला मुलगा राहिलेत, आणि तो तर स्की करतानाच मोडला म्हणजे तो पण जाऊन आलाच. लिफ्टवाल्याला आनंदाचं भरतं आलं. मग खारूने अट घातली. "पण लिफ्टमध्ये बसणार नाही."

आता आली का पंचाईत. एक तर लिफ्टवाल्याला सुट्टी मिळते ती हंगाम संपायला आला की. थंडीत दारं आखडतात, तेल घट्ट होतं, माणसं अडकतात, त्यामुळे हिवाळाभर त्याला उसंत नसते. म्हणजे जायचं ते बर्फ वितळायला लागल्यावर. आणि बर्फ वितळतो तो खालून. नवशिक्या मुलांचा उतार बहुतेक ठिकाणी अगदी पायथ्याशी, हॉटेलच्या दारात असतो, आणि हंगाम सरत आला की सगळ्यात आधी तिथंच गवत डोकं वर काढतं. मग नवशिक्यांना नेतात वर, डोंगरावर, आणि वर जायचं कसं, तर लिफ्टने. लटकत्या खुर्च्यांची असो नाहीतर बंद डब्याची, लिफ्ट ती लिफ्टच.

जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. जेवायला मग सगळे ओट्याशी उभे राहायला लागले. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे खारूचा मामा, आपणहून अक्कल पाजळायला हजर झाला. मामाला स्कीचा वीस वर्षांचा अनुभव, आणि त्याला तो दर दहा मिनिटांनी आठवायचा. त्याचं म्हणणं, दाजी, डोळे झाकून सगळ्यात उंच ठिकाणी जा, तिथे शेवटपर्यंत बर्फ असतो. त्याने फोटोही दाखवला, त्यात ढग खाली होते आणि मामा वर. खारूने विचारलं, तिथे चालत जाता येतं का? मामा हसला. खारू हसली नाही, ती खोलीत निघून गेली आणि मामाचा चेहरा पडला. मामा माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त उतार तेवढे कळायचे.

लिफ्टवाल्याने वेगळा रस्ता धरला. उत्तरेकडे तोंड असलेले उतार शोधायचे, कारण तिथे ऊन कमी. पायथा उंचावर हवा. आणि पायथ्याशी सरकता पट्टा हवा, ज्यावर मुलं उभी राहतात आणि तो त्यांना हळूहळू वर नेतो. पट्टा जमिनीवर असतो, त्याला दार नाही, मजले नाहीत. खारूला विचारलं तर ती म्हणाली, पट्टा चालेल. अशी पाच ठिकाणं निघाली. पाचही ठिकाणी त्याने फोन लावले.

आणि इथे गंमत झाली. दुसरा कुणी असता तर बर्फ किती, खोली कशी, मुलांना शिकवणारे कोण, असं विचारलं असतं. याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची लिफ्ट कधी बंद पडते का?" जित्याची खोड, करणार काय. चार ठिकाणच्या गोड आवाजांनी सांगितलं, छे, आमची लिफ्ट कधीच बंद पडत नाही. चारही नावांवर त्याने काट मारली. बायकोने विचारलं, अरे, चांगलं सांगतायत ना? तेव्हा तो म्हणाला की कधीच बंद न पडणारं मशीन अजून जन्माला यायचंय, आणि जे असं सांगतात त्यांनी एकतर मशीन बघितलेलं नसतं नाहीतर ते शेंडी लावत असतात. एवढं बोलून त्याचा त्यालाच ठसका लागला. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

पाचव्या ठिकाणी फोन उचलणाऱ्याने प्रश्न ऐकून गोंधळून फोन थेट लिफ्टघरात जोडून दिला. तिथे एका बाईचा घोगरा आवाज आला. मागे काहीतरी घरघरत होतं.

"पडते की," बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात पडली. अकरा मिनिटं. वारा वाढणार हे मला दिसत होतं, मी वेळेत वेग कमी केला नाही. तुम्ही कोण?"

मग काय विचारता. पाऊण तास दोघं बोलत होते. दोर किती वर्षांचा, ब्रेक आठवड्यातून किती वेळा तपासता, ग्रीस कुठलं. शेवटी खारूची आठवण झाली. बाईंनी सांगितलं की पायथ्याला पट्टा आहे, तिथे अजून बर्फ आहे, पण तुम्ही येईपर्यंत तो टिकेल असं मी म्हणणार नाही. लिफ्टवाल्याने फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, ठरलं. मामाला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. स्कीचं ठिकाण दोराच्या वयावरून निवडणारा माणूस त्याने वीस वर्षांत पाहिला नव्हता.

पहिला दिवस झकास गेला. सकाळी बर्फ कडक होता, मग दहानंतर नरम झाला, आणि शिकवणारीने खारूला पायांची टोकं आत वळवून थांबायला शिकवलं. खारू पट्ट्यावर उभी राहायची, वर जायची, घसरत खाली यायची, पुन्हा उभी राहायची. एकदा पट्ट्यावरच तिचा तोल गेला आणि ती आडवी झाली. त्याच क्षणी पट्टा थांबला. लिफ्टवाला धावणार इतक्यात पट्ट्याच्या टोकाच्या टपरीतून जाड लोकरी टोपीतल्या बाई बाहेर आल्या. त्याच घोगऱ्या आवाजाच्या बाई. त्यांनी खारूला उचललं वगैरे नाही. त्या फक्त म्हणाल्या, मी थांबवला, तू पडलीस म्हणून, उठून झालं की सांग मग चालू करते. खारू उठली, हात वर केला, पट्टा चालू झाला. संध्याकाळी ती सुपाच्या वाटीत नाक घालून याच गोष्टीबद्दल बोलत होती, की त्या बाई विचारून चालू करतात.

रात्रभर उबदार वारा सुटला. सकाळी पडदा सारला तर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गवत, मधे पाण्याची डबकी आणि एक दोरी आडवी बांधलेली. पट्टा बंद. शिकवणारी मुलांना घेऊन वर निघाली होती, खुर्च्यांच्या लिफ्टने. एवढं निवडून, पारखून, शेवटी गाठ पडली ती लिफ्टशीच.

तो खारूसमोर उकिडवा बसला आणि त्याने नेहमीचं वाक्य बोलायला सुरुवात केली. "घाबरू नकोस, मी बघितलंय, दोर एकदम..."

खारूने ऐकूनच घेतलं नाही. ती स्की फरपटत थेट लिफ्टघरापाशी गेली आणि खिडकीत मान घालून बाईंना विचारलं, "ही कधी बंद पडते का?"

बाईंनी बाबाला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. मागच्या महिन्यात, अकरा मिनिटं, वारा, चूक माझी. बंद पडलीच तर काय करायचं तेही सांगितलं. खुर्चीसमोरचा दांडा खाली ठेवायचा, उडी मारायची नाही, मी इथून बघत असते. खारूने थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "मग बसते."

लिफ्टवाल्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चार महिने तो या पोरीला समजावत होता, गोडीगुलाबीने, खाऊच्या लालचीने, दोराच्या चित्रांनी. आणि ही एका परक्या बाईच्या दोन वाक्यांवर बसायला तयार. ते रांगेत उभे राहिले. रांग कसली, पुढे दोनच माणसं होती. खारूच्या पायांत स्की, बाबाच्या पायांत साधे बूट. बायको मागे, मुद्दाम थोडं अंतर ठेवून.

"खारू," तो म्हणाला, "मी इतक्यांदा सांगितलं की लिफ्ट सुरक्षित असतात, तेव्हा बसली नाहीस. आणि त्या बाईंनी तर बंद पडते म्हणून सांगितलं."

"त्या खरं सांगतात," खारू म्हणाली.

"आणि मी?"

खारूने हातमोज्याचं बोट चावलं. तिला बोलायचं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं, पण तिला खोटंही बोलता येत नव्हतं.

"तू म्हणालास वीज गेली होती. पण लिफ्टमधला दिवा चालूच होता, बाबा. चाळीस मिनिटं."

अरे देवा. चार महिने या माणसाला वाटत होतं की पोरगी लिफ्टला घाबरते. पोरगी लिफ्टला घाबरतच नव्हती. तिचा बापाच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता, आणि तो शब्द ज्या ज्या लिफ्टवर होता, त्या लिफ्टमध्ये ती बसत नव्हती. आणि सगळ्या गावातल्या लिफ्टवर त्याचाच शब्द होता. हे तिने एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही. एकशे दोन पायऱ्या चढली रोज, पण बापाला तोंडघशी पाडलं नाही. लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते उन्हावर ढकलले नाहीत.

पुढची माणसं बसून गेली. खुर्ची आली, बाईंनी वेग कमी केला, दोघं बसली, दांडा खाली आला आणि जमीन मागे राहिली. मग त्याने सांगितलं. पितळेची पानं, दहा मिनिटांचं काम, नाटकाची घाई, कागदावरची खोटी खूण. सगळं, न गाळता. "वीज गेली नव्हती. मी बघितलंच नव्हतं आणि बघितलं म्हणून लिहिलं. तू माझ्यामुळे अडकलीस. आणि मग मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो."

खारू स्कीच्या टोकांकडे बघत होती. खाली पाइनची झाडं सरकत होती.

"माझा कापूस पण गेला," ती शेवटी म्हणाली.

"हो. तोही."

"उद्या करू म्हणाला होतास, मग दुसऱ्या दिवशी केलंस?"

"त्याच रात्री केलं. तू झोपल्यावर. आता प्रत्येक लिफ्टचं दार मी दोनदा बघतो."

आणि नेमकी तेव्हाच, जणू कुणी मुद्दाम वेळ साधावी तशी, लिफ्ट थांबली. खुर्ची पुढे गेली, मागे आली, लोंबकळत राहिली. खाली खोल उतार होता. खारूने त्याचा दंड घट्ट धरला.

"बाबा, काय झालं?"

लिफ्टवाल्याच्या जिभेवर 'काही नाही' अगदी तयार होतं. वीस वर्षांत हजारो माणसांना बंद दारापलीकडून त्याने हेच सांगितलं होतं, काही नाही, काही नाही. बाजूच्या खांबावरचा दोर त्याने डोळे बारीक करून बघितला. चाकं जागेवर होती. बाकी इथून काहीच दिसत नव्हतं.

"माहीत नाही, खारू," तो म्हणाला. "दोर ठीक आहे, तो मला दिसतोय. का थांबली ते इथून कळत नाही. वर कुणी पडलं असेल. पण ते नक्की नाही."

खारूने दंड सोडला नाही. पण आखडलेले खांदे खाली आले आणि तिने डोकं त्याच्या बाहीला टेकवलं. मग ती मोठ्याने आकडे मोजायला लागली. तो पण मोजायला लागला. एकशे चाळीसला लिफ्ट हलली. वर गेल्यावर कळलं, एक गृहस्थ उतरताना टोपी पकडायला वाकले आणि आडवे झाले होते. खारूने त्यांना जाता जाता दिलासा दिला की काल ती पण पडली होती.

त्या चार दिवसांत खारू वळायला शिकली, आणि लिफ्टवाला उताराच्या कडेला उभं राहून तिला बघायला शिकला. शेवटच्या दिवशी बाईंनी त्याला लिफ्टघर आतून दाखवलं. तो आत इतका रमला की बायकोला त्याला हाताला धरून गाडीत आणून बसवावं लागलं.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. तीन बॅगा, भाड्याने मिळाले नाहीत म्हणून विकत घेतलेले लाल हातमोजे, आणि खारूच्या नाकावर उन्हाने सोललेली कातडी. लिफ्टवाला सवयीने बॅगा जिन्याकडे न्यायला लागला. खारू मात्र लिफ्टच्या दारापाशी थांबली.

"बाबा, ही बघितलीयस?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने दाराकडे पाहिलं. बघितलंय म्हणणं केवढं सोपं होतं, आणि आठ दिवसांपूर्वीचं ते खरंही होतं.

"सुट्टीवर जायच्या आधी बघितली होती. आज नाही बघितली."

खारूने पाठीवरची पिशवी काढून बॅगेवर ठेवली आणि त्या ढिगाऱ्यावर स्वतः चढून बसली.

"मग बघ," ती म्हणाली. "मी थांबते."

लिफ्टवाल्याने गाडीतून हत्यारांची पेटी आणली. कोट काढला, बाह्या सारल्या, दाराच्या कडेची ती दोन पितळेची पानं पुसली, घासली आणि दोनदा तपासली. दहा मिनिटांचं काम, त्याला पंधरा लागली, कारण डोळे सारखे पुसावे लागत होते. खारूने टॉर्च धरली होती. मग तिने बॅग आत ओढली आणि सहाचं बटण दाबलं.